मान मळलेली नाही

चेहऱ्यावर, मानेवर काळपट डाग दिसू लागले की आधी सल्ले येतात, डॉक्टर मागाहून. "अगं, अंघोळ करताना मान जरा नीट घासत जा," हे मला माझ्या आत्याने सांगितलं. आत्या काही खोचक बोलणाऱ्यांतली नाही. तिला खरोखरच माझी मान मळलेली दिसत होती, आणि बघणाऱ्याला ती तशीच दिसते. मळ साबणाने निघतो, उन्हाने रापलेलं कातडं काही आठवड्यांत मूळ रंगावर येतं, वांग असेल तर क्रीमने थोडंफार फिकं होतं. माझ्याकडे आलेला पाहुणा यांतलं काहीच ऐकत नव्हता. कानशिलांपासून सुरुवात झाली, मग कानांच्या पुढचा भाग, मग मानेच्या दोन्ही बाजू. रंग आधी तपकिरी, पुढे पुढे करडा, त्यात निळसर झाक. कडा धूसर. खाज असलीच तर नावापुरती. आग नाही, खपली नाही, पुरळ नाही. डोळे मिटून बोट फिरवलं तर डाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे मुळीच कळत नाही, कारण तो हाताला लागतच नाही.

या दुखण्याचं नाव लायकेन प्लॅनस पिग्मेंटोसस. डॉक्टरमंडळी एलपीपी म्हणतात, मीही तेच म्हणते. पूर्ण नाव सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर भलतीच काळजी दिसायला लागते. हा आजार संसर्गजन्य नाही आणि कॅन्सरही नाही. साधारण तिशी-चाळिशीतल्या, गव्हाळ ते सावळ्या वर्णाच्या माणसांत तो जास्त दिसतो, आणि बायकांत थोडा अधिक. बहुतेकदा उघड्या, ऊन लागणाऱ्या जागा धरतो: कपाळ, कानशिलं, गाल, मान. त्याचा एक भाऊबंद बरोबर उलटा वागतो आणि काखेत, जांघेत, स्तनांखाली उतरतो. 2001 साली चेक डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. म्हणजे सगळा दोष उन्हाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

निदानाच्या दिवसाची मला सगळ्यात लख्ख आठवते ती डर्मोस्कोपची, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राची काच. कानशिलावर थंडगार जेल लावून डॉक्टर मॅडमनी ती काच टेकवली आणि शेजारच्या पडद्यावर माझंच कातडं पसरलं. आरशात मला एकसंध डाग दिसायचा. पडद्यावर डाग नव्हताच. होता तो ठिपक्यांचा सडा, करड्या-निळ्या बारीक ठिपक्यांचा. कुठे सुटे, कुठे दाटीवाटीने, कुठे रांगेत. लवेच्या मुळांची छिद्रं तेवढी मोकळी, त्यांच्याभोवती कातडीचा मूळ रंग कडं करून राहिलेला. "तपकिरी दिसलं असतं तर मी म्हटलं असतं, रंग वरच आहे," मॅडम म्हणाल्या. "हे निळं दिसतंय ना, म्हणजे खाली आहे." मग दिवे घालवून त्यांनी वुड्स लॅम्पचा जांभळट उजेड टाकला. वरच्या थरातला रंग त्या उजेडात एकदम उठून दिसतो. माझे डाग आणखीच पुसट झाले.

वर आणि खाली. या दोन शब्दांत सगळा आजार आहे म्हटलं तरी चालेल.

कातडीचा वरचा थर, एपिडर्मिस, चेहऱ्यावर जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या अगदी तळाशी पेशींची एक रांग आहे, तिला बेसल लेयर म्हणतात. नव्या पेशी तिथे जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि महिना-दीड महिन्यात गळून पडतात. याच रांगेत दर दहाएक पेशींमागे एक रंगपेशी बसलेली असते, मेलॅनोसाइट. ती मेलॅनिन तयार करते आणि आपल्या लांब फांद्यांनी आसपासच्या सुमारे 36 पेशींना पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिनचे कण किती मोठे, किती जास्त आणि कसे वाटलेले यात. इतक्या थोड्याशा फरकावर माणसाने केवढा इतिहास रचला, हा विषय वेगळा आणि माझ्या आवाक्याबाहेरचा.

एलपीपीमध्ये टी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी या तळच्या रांगेवर चालून येतात. एरवी त्यांचं काम विषाणू लागलेल्या, बिघडलेल्या पेशी हेरून मारण्याचं. इथे त्या चांगल्या पेशींनाच शत्रू समजतात. बेसल पेशींत पोकळ्या पडतात, त्या फुगतात, मरतात, आणि त्यांच्यात साठवलेलं मेलॅनिन खालच्या थरात, डर्मिसमध्ये सांडतं. तिथे त्याची जागा नाही. साफसफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, धावून येतात आणि ते गिळून टाकतात. पण गिळलं म्हणून पचत नाही. पोटात रंग घेऊन त्या पेशी जागच्या जागी बसून राहतात. वरच्या थरात रंग राहिला असता तर पेशींबरोबर कधीतरी गळून गेला असता. खालच्या थराला गळण्याची सोयच नाही.

गोंदण आयुष्यभर टिकतं तेही याच कारणाने. सुईने शाई डर्मिसमध्ये जाते आणि मॅक्रोफेज ती गिळून बसतात. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की शाई गिळलेली पेशी मेली तरी शाई तिथेच राहते, कारण शेजारी आलेली नवी पेशी ती पुन्हा उचलते. एका पिढीने दुसरीच्या हातात ठेव द्यावी तसा हा कारभार. मेलॅनिन शाईइतकं चिवट नसतं, शरीराचंच असल्याने ते सावकाश विरतं. सावकाश म्हणजे काहींचं महिन्यांत, पुष्कळांचं वर्षांत. निळी झाकही यातूनच येते. खोलवरच्या काळ्या रंगावर पडलेल्या प्रकाशातले निळे किरण कातडीतच विखरून परत फिरतात, तांबूस किरण आत जाऊन शोषले जातात. गोंदणाची काळी शाई हिरवट-निळी दिसते, तसंच हे.

मला यात कोडाची तुलना करून बघायला आवडतं. कोडातही याच जातीच्या टी-लिम्फोसाइट पेशी याच रांगेवर येतात, पण तिथे त्यांचं लक्ष्य रंगपेशी असतं. रंगपेशी मरतात आणि कातडी पांढरी पडते. एलपीपीत लक्ष्य शेजारची साधी पेशी असते, रंगपेशी बऱ्याच अंशी वाचते, आणि कातडी काळी पडते. पत्ता एका घराने चुकला की रंग पांढऱ्याचा काळा. कोड झालेला माणूस आणि मी शेजारीशेजारी बसलो तर जगाला आम्ही दोन टोकं वाटू, आणि आतलं भांडण मात्र भाऊबंदकीतलंच.

बायोप्सीचं नाव काढल्यावर घरातले सगळे गप्प झाले होते. प्रत्यक्षात तो प्रकार फार छोटा असतो. जागा बधिर करायची, चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने कातडीचा एक ठोकळा काढायचा, एक-दोन टाके घालायचे. मानेवरची, केसांनी झाकली जाईल अशी जागा निवडली. नंतर माझ्या आग्रहावरून पॅथॉलॉजिस्टनी मला ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. वरचा थर जांभळा, खालचा फिका गुलाबी. दोन्हींमधली रेघ एरवी ठसठशीत असते. माझ्यात ती जागोजाग उसवलेली, मध्येच बुडबुड्यांसारख्या रिकाम्या जागा. तिच्याखाली गडद जांभळ्या बारीक ठिपक्यांची विरळ गर्दी, त्या चालून आलेल्या पेशी. आणि गुलाबी भागात इकडेतिकडे तपकिरी चिखल भरल्यासारखे गोळे. "हेच तुमचे डाग," ते म्हणाले. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एक मात्र खरं की ज्या गोष्टीबद्दल इतके लोक इतकं बोलले होते, ती त्या काचेवर फारच लहान दिसत होती.

आग लागून गेलेल्या खोलीची भिंत काळी होते. ती काजळी बघून कुणी पाण्याचा बंब बोलावत नाही; आणि आत निखारा धुमसत असेल तर नुसती भिंत पुसूनही भागत नाही. एलपीपीचे डाग म्हणजे ही काजळी. आजार म्हणजे तो निखारा, जो बहुतेकदा दिसतच नाही, कारण या रोगात लाली, सूज, खाज फार थोडी असते. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न "डाग किती काळा आहे?" असा नसतो. "नवा डाग कधी आला?" असा असतो. गेल्या काही महिन्यांत नवीन जागा काळवंडली नसेल, जुन्या डागांच्या कडा पुढे सरकल्या नसतील, तर निखारा विझला असं धरून चालतात. या प्रश्नाचं उत्तर रुग्णाकडे हवं आणि तेच नेमकं नसतं, कारण आपण रोज आरशात डागाच्या मधोमध बघतो, कडेकडे बघत नाही.

हे एकदा समजलं की बाजारातल्या निम्म्या बाटल्या आपोआप बाद होतात. रंग उजळवणारी बहुतेक क्रीम रंगपेशीला मेलॅनिन कमी बनवायला लावतात किंवा वरचा थर लवकर गळवतात. इथे मेलॅनिन जास्त बनण्याची तक्रारच नाही. बनलेलं मेलॅनिन चुकीच्या मजल्यावर सांडलंय. घासणीने, स्क्रबने तर उलटंच होतं. घर्षणाने कातडीला इजा होते, इजेने दाह होतो, आणि सावळ्या कातडीत कुठलाही दाह जाताना मागे काळा डाग ठेवून जातो. लिंबाच्या जातीच्या फळांचा रस लावून उन्हात गेलं तर त्यातल्या फ्युरोकुमारिन नावाच्या द्रव्यांनी भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात, आणि ते महिनोनमहिने काळे राहतात. आत्याची घासणी आणि कुणाचा तरी रामबाण लेप, दोन्ही त्याच खात्यात जमा.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे तीन औषधांचं मिश्रण असलेलं गोरेपणाचं क्रीम. 1975 साली अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड एकत्र करून जे सूत्र दिलं, त्याचे हे वंशज. वांगावर, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरतं ते कामाचं औषध आहे. पण ते हातोहात फिरतं. शेजारणीने दिलं, मैत्रिणीने सुचवलं, आधी चेहरा उजळतो, मग सोडवत नाही. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुम येतात, बंद केलं की चेहरा पेटतो. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं चोपडलं तर ऑक्रोनोसिस नावाचा निळसर-काळा रंग कायमचा बसू शकतो. काळेपणा घालवायला लावलेल्या औषधाने आलेला काळेपणा! त्यावर उपाय करणं एलपीपीपेक्षाही अवघड.

आता थोडं जुनं. लायकेन प्लॅनस या मूळ आजाराला हे नाव 1869 साली लंडनच्या इरॅस्मस विल्सन यांनी दिलं. तो खाजरा, जांभळट, चपट्या पुटकुळ्यांचा आजार. 1895 मध्ये फ्रान्सच्या लुई विकहॅम यांनी त्या पुटकुळ्यांवरच्या पांढऱ्या नाजूक रेघा टिपल्या. तशीच जाळी काहींच्या गालाच्या आतल्या बाजूलाही असते. म्हणून डाग मानेवर असले तरी चांगला डॉक्टर तोंड उघडायला सांगतो. पुटकुळ्या न येता नुसता रंगच उरणाऱ्या प्रकारांबद्दल 1935 साली फ्रान्समध्ये गूझरो यांनी लिहिलं, 1956 साली जपानमध्ये शिमा यांनी. पण आज हा आजार ज्या रूपात ओळखला जातो ते वर्णन 1974 चं, दिल्लीच्या भुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. सावळ्या कातडीवरचा आजार सावळ्या कातडीच्या रुग्णांत बसलेल्या डॉक्टरांनी नीट पाहिला, यात नवल नाही. नवल वाटायचंच तर याचं की त्वचारोगांच्या पुस्तकांतली चित्रं त्यानंतरही कितीतरी वर्षं मुख्यतः गोऱ्या कातडीचीच राहिली. गोऱ्या कातडीवर दाह लाल दिसतो. माझ्यावर तो लाल दिसतच नाही. जांभळट, तपकिरी दिसतो, आणि लाल शोधणाऱ्या नजरेतून सुटतो.

याच कुळात आणखी सगेसोयरे आहेत. 1957 साली एल साल्वादोरमध्ये रामिरेझ यांनी राखेच्या रंगाच्या चट्ट्यांचा आजार वर्णन केला. 1961 मध्ये व्हेनेझुएलाहून कॉन्विट आणि मंडळींनी तसाच, पण सुरुवातीला लालसर कड असणारा प्रकार मांडला. त्याआधी पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1917 साली, व्हिएन्नाच्या रील यांनी चेहरा काळवंडलेले रुग्ण नोंदवले होते. हे सगळे वेगळे आजार की एकाच आजाराची वेगवेगळी तोंडं, यावर अनेक दशकं वाद झाला. शेवटी 2019 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून एक सहमतीचं निवेदन काढलं. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे इतके सारखे दिसतात की नुसत्या बायोप्सीवरून एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. रुग्णाला बघावं लागतं, विचारावं लागतं. रुग्ण म्हणून माझं मत विचाराल तर नावात फारसं अडकू नये. अडकायचंच तर एका प्रश्नात अडकावं: बाहेरून काही लागतंय का?

कारण रील यांच्या नावाच्या त्या प्रकारात बऱ्याचदा बाहेरचा गुन्हेगार सापडतो, आणि सापडला की त्याला हाकलता येतं. याची सगळ्यात चमत्कारिक हकिकत कोपनहेगनची. 1970 च्या सुमारास तिथे काही लोकांच्या अंगावर काळपट चट्टे उठू लागले, तेही जिथे कपडा अंगाला घट्ट लागतो त्या जागी. ऑस्मुंडसेन या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा धागा पोचला धुण्याच्या पावडरीतल्या एका रसायनापर्यंत, जे घालतात ते कपडे अधिक शुभ्र दिसावेत म्हणून. शुभ्रतेच्या पायी माणसं काळी होत होती. पुढे जपानमध्ये बायकांचे चेहरे काळवंडण्याची लाट आली. तिथे प्रसाधनांतली काही सुगंधी द्रव्यं आणि एका लाल रंगात भेसळ म्हणून राहिलेलं सुदान-वन हे द्रव्य दोषी निघालं. असल्या गोष्टींची ॲलर्जी खाजत नाही, फोड आणत नाही. हळूच रंग टाकून जाते. म्हणून संशयच येत नाही.

एलपीपीच्या रुग्णांतही केसांचा कलप, अत्तरं, काही प्रसाधनं आणि अंगाला-डोक्याला लावायचं मोहरीचं तेल यांच्याकडे संशयाने बघितलं जातं. तपासायचा मार्ग म्हणजे पॅच टेस्ट. पाठीवर संशयित द्रव्यांच्या छोट्या डब्या चिकटपट्टीने लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, मग आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. माझ्या पाठीवर कलपातल्या पीपीडी या द्रव्याच्या जागी लालसर उठाव आला. (पाठीवर मात्र लाल दिसलं, रुसायचं तिथे रुसलं नाही.) कलप हेच माझ्या डागांचं कारण, असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. तो बंद करण्यात मात्र नुकसान काहीच नव्हतं. आता केस पांढरे आणि मान काळी. आत्याने त्यावरही सल्ला दिला, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

उपचारांबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण खात्रीचा, सगळ्यांना लागू पडणारा असा उपाय या आजारात नाही. जे आहे ते दोन भागांत मोडतं: निखारा विझवणं, आणि काजळी विरायला वेळ देणं. विझवण्यासाठी लावायला टॅक्रोलिमस. जपानमध्ये त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या एका जिवाणूपासून 1984 साली हे औषध मिळालं, अवयवरोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून वापरलं गेलं, आणि त्याचं मलम आता माझ्यासारख्यांच्या कपाळी आलंय. टी-लिम्फोसाइटना ते शांत बसवतं, स्टेरॉइडसारखं कातडी पातळ करत नाही. पहिले काही दिवस चुरचुरतं, तेवढं सोसावं लागतं. आजार पसरत असेल तर पोटात घ्यायची औषधं असतात. त्यांतलं आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे मुरुमांचं प्रसिद्ध औषध, कमी मात्रेत काही महिने देतात. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही, गर्भाला गंभीर व्यंग होऊ शकतं. रक्तातली चरबी आणि यकृत तपासत राहावं लागतं. लेझरबद्दल फार आशा लावून जाऊ नये. गोंदण काढायचं तेच यंत्र, म्हणून तर्काला पटतं. पण सावळ्या कातडीत लेझरचीच इजा नवा डाग पाडू शकते, आणि आजार जागा असताना केलं तर आगीत तेल.

सनस्क्रीनचं मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण इथे बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांचा हिशेब सांगतो, जे कातडी भाजतात. रंग गडद करायला यूव्हीए किरण, आणि सावळ्या कातडीत साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पुरतो. दिसणारा प्रकाश अडवायला रंगीत सनस्क्रीन लागतं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनला तो नीट अडवता येत नाही. आणि ते मानेला, कानांना, कानांमागे लावायचं असतं, पुरेसं जाड लावायचं असतं, दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं असतं. रंगीत सनस्क्रीनने कॉलर खराब होते. मी गडद कॉलरचे कपडे घ्यायला लागले.

एक गोष्ट मला उशिरा कळली आणि ती सगळ्यांना कळावी असं वाटतं. 2013 साली दक्षिण आफ्रिकेच्या एनकोझा ड्लोवा यांनी लक्षात आणून दिलं की चेहऱ्यावर एलपीपी असलेल्या काही बायकांमध्ये कपाळावरची केसांची रेघ मागे सरकत जाते, भुवया विरळ होतात. फ्रंटल फायब्रोझिंग ॲलोपेशिया हे त्या आजाराचं नाव. डाग कधीकधी त्याच्या आधी येतात. डाग विरू शकतात, पण या आजारात केसांच्या मुळांवर व्रण पडतो आणि गेलेले केस परत येत नाहीत, म्हणून तिथे लवकर ओळखणं खरंच महत्त्वाचं. आमच्या मॅडम दर खेपेला दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून केसांच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवतात. आधी मला वाटायचं, डाग मानेवर आणि ह्या मोजतात कपाळ!

"तसा काही धोका नाही, दिसण्याचा प्रश्न आहे फक्त." हे वाक्य एलपीपीच्या प्रत्येक रुग्णाने ऐकलेलं असतं, कधी डॉक्टरांच्या तोंडून, जास्त करून घरच्यांच्या. यातला "फक्त" माझ्या पचनी पडत नाही. त्वचारोगांत एक प्रश्नावली वापरतात, डीएलक्यूआय, कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी 1994 साली केलेली. दहा प्रश्न, गेल्या एका आठवड्याबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणून जास्तीत जास्त तीस. पहिला प्रश्न खाज, दुखणं, चुरचुर यांबद्दल. तिथे मी शून्यावर खूण केली. दुसरा, कातडीमुळे संकोच वाटला का. तिथे पेन थांबलं. त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एका लहान मुलाने माझ्या मानेकडे बोट दाखवलं होतं आणि त्याच्या आईने त्याला इतक्या घाईने गप्प केलं की मलाच तिची कीव आली. पुढे एक प्रश्न होता, कपडे निवडण्यावर परिणाम झाला का. बंद गळ्याचा कुर्ता घालून मी तो प्रश्न वाचत होते. धोका नाही हे खरं. पण ज्या आजाराचे सगळे गुण दुसऱ्या प्रश्नापासून पुढे पडतात, त्याला पहिल्या प्रश्नाने मोजू नये.

एवढ्यात माझ्या मानेवर नवा डाग आलेला नाही. जुने डाग जराजरासे फिकट होतायत असं मॅडम म्हणतात, आणि त्यांच्याकडे फोटो आहेत. मलाही घरी फोटो काढायला सांगितलंय, अधूनमधून, एकाच खिडकीशी, दिवसाच्या एकाच वेळी, फ्लॅश न लावता, डाग आणि त्याच्याभोवतीची चांगली कातडी दोन्ही येतील असे, म्हणजे कडा सरकल्या का ते कळतं. यात एक अडचण आहे. हल्लीच्या फोनना चेहरा दिसला की तो आपणहून उजळ करायची खोड असते. पहिले फोटो बघून मी हरखूनच गेले होते. मॅडमनी डर्मोस्कोप लावला तर सडा जिथल्या तिथे. फोनच्या हिशेबाने मी केव्हाच बरी झाले आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती ब्यूटी मोडची भानगड बंद करायची, आणि मग फोटो काढायचा.